भेटीचा हक्क कोणाचा?

अकोल्याहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, वाशीम येण्याच्या थोडे आधी, जऊळका नावाचे लहानसे स्थानक लागते. जुना मीटरगेज मार्ग 2008 साली ब्रॉडगेज झाला, आणि गावाच्या नावामागे 'रेल्वे' हा शब्द तर त्याच्या कितीतरी आधीपासून चिकटलेला आहे. तथापि गाड्या थोड्या, आणि ज्या आहेत त्या सर्वच येथे थांबतात असेही नाही. फलाटावर सोयाबीनच्या भावाची चर्चा करणारे अडते, दवाखान्याला निघालेली माणसे, परीक्षेला निघालेली मुले असे नेहमीचे उतारू असतात. त्यांच्यांत एखादे वेळी एक म्हातारी आणि तिचे बोट धरून उभे असलेले एक शाळकरी पोर दिसते. कोठे निघालात म्हणून सहज विचारले, तर म्हातारी 'अकोल्याला, दवाखान्यात' असे सांगून तोंड फिरविते. दवाखाना हे आमच्या वऱ्हाडात तुरुंगाचे सभ्य नाव आहे. पोराचा बाप आत असतो. पोरास ते पक्के ठाऊक असते. ठाऊक नसल्याचे सोंग फक्त मोठी माणसे करितात.

खटला चालू असेतोवर बाप वाशीमास किंवा अकोल्यास असतो. मोठ्या मुदतीची शिक्षा झाली, की त्याची रवानगी मध्यवर्ती कारागृहात होते. म्हणजे आमच्या बाजूस अमरावती, नाहीतर नागपूर. जऊळक्याहून अमरावतीस जावयाचे म्हणजे अकोल्यास गाडी बदला, बडनेऱ्यास उतरा, तेथून पुढे शहर गाठा, ओळखपत्र दाखवून नाव नोंदवा आणि पाळी येईपर्यंत दारात बसा. दोघांचे भाडे, म्हातारीची किंवा आईची एका दिवसाची मजुरी, मुलाची बुडालेली शाळा, हे सारे खर्ची पडल्यावर पदरी काय पडते? काचेच्या किंवा जाळीच्या अलीकडून मोजकी मिनिटे! दहा माणसे एकाच वेळी ओरडून बोलत असतात. त्या कोलाहलात सहा वर्षांच्या मुलाचा आवाज पलीकडे पोहोचतच नाही. खिडकीचा कट्टा मोठ्या माणसाच्या छातीशी यावा अशा बेताने बांधलेला असतो, म्हणून मुलास उचलून धरावे लागते. आणि म्हातारीच्या अंगात तेवढे बळ नसेल, तर मुलास बापाच्या कपाळावरचे केस काय ते दिसतात.

काही वर्षांपूर्वीची आमच्या व्यवसायातील एक गोष्ट येथे सांगतो. आमच्या एका पक्षकारास भेटण्यास त्याचा मुलगा आला होता. त्याच दिवशी आम्हीही खटल्याच्या कामासाठी तेथे गेलो होतो. वकील म्हणून आम्हांस आत नेण्यात आले, खुर्ची मिळाली, आणि पक्षकारासमोर बसून त्याच्याशी निवांत बोलता आले. मुलगा मात्र काचेबाहेर. त्याने सहामाहीचे गुणपत्रक आणिले होते. कागद आत देण्याची परवानगी नाही असे सांगितल्यावर त्याने तो काचेस चिकटवून धरला. परंतु काच इतकी मळलेली होती, की बापास अक्षरे लागेनात. तेव्हा मुलगा एकेक विषय मोठ्याने वाचू लागला. मराठी झाले, हिंदी झाले, गणिताशी आला आणि वेळ संपल्याची सूचना झाली. फी घेऊन येणाऱ्या माणसास खुर्ची, आणि ज्याच्या अंगात त्याच बापाचे रक्त आहे त्यास काच, हा भेद कोणत्या न्यायाने केला, याचे उत्तर आम्हांस त्या दिवशी सापडले नाही. पुढे कायद्याची पुस्तके चाळल्यावर त्याचे मूळ सापडले, आणि तेच वाचकांपुढे मांडावे म्हणून आज लेखणी हाती घेतली आहे.

आपल्या देशातील तुरुंगांचा कारभार ज्या पायावर उभा राहिला तो कायदा 1894 सालचा, परक्या सरकारने केलेला. त्याच्या चाळिसाव्या कलमात भेटीची तरतूद आहे. तिचा आशय असा, की ज्या व्यक्तींशी बंद्यास संपर्क साधण्याची इच्छा असेल, त्यांना योग्य वेळी व योग्य निर्बंधांखाली आत येऊ द्यावे. वाचकांनी या वाक्याची रचना नीट न्याहाळावी. इच्छा बंद्याची, निर्बंध सरकारचे, आणि मूल हे इच्छेचे केवळ एक कर्म! भेट ही बंद्यास द्यावयाची सवलत आहे, ती त्याच्या वर्तणुकीनुसार वाढावी, घटावी, रोखावी, अशी समजूत या वाक्यातूनच पुढच्या सर्व नियमांत झिरपली आहे. बंदी आत भांडला तर त्याची भेट बंद होते. बंद्यास धडा मिळतो म्हणावा. पण त्या दिवशी जऊळक्याहून निघालेल्या मुलाने कोणाशी भांडण केले होते?

याच्या उलट दुसरे एक लिखित पाहावे. बालकांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार 1989 साली झाला आणि आपल्या देशाने तो 1992 साली स्वीकारला. त्याच्या नवव्या अनुच्छेदात असे म्हटले आहे, की आईबापांपैकी एकापासून वा दोघांपासून ताटातूट झालेल्या बालकास त्यांच्याशी नियमित व प्रत्यक्ष संबंध राखण्याचा हक्क आहे. मात्र तसे करणे बालकाच्या हिताविरुद्ध असेल तर गोष्ट निराळी. शिवाय ही ताटातूट सरकारने घडविली असेल, उदाहरणार्थ कारावासामुळे, तर आईबाप कोठे आहेत हे मुलास सांगणे सरकारवर बंधनकारक आहे. येथे कर्ता बदलला. हक्क बापाचा नव्हे, मुलाचा. आमचे सारे म्हणणे या एका विभक्तीप्रत्ययात सामावले आहे. भेट जर मुलाची मालमत्ता असेल, तर बापाच्या अपराधापायी ती जप्त करण्याचा अधिकार कोणासही पोहोचत नाही. सावकारसुद्धा बापाच्या कर्जापोटी अज्ञान मुलाच्या अंगावरचे कपडे उतरवून नेत नाही.

यावर आक्षेप येणार, आणि तो पोकळ नाही. ज्याच्या हातून खून झाला त्याच्या मुलाच्या भेटीची एवढी चिंता वाहता, पण ज्याचा खून झाला त्याच्या मुलांस बाप कोणत्या खिडकीत भेटणार? हा प्रश्न विचारणाऱ्यापुढे आम्ही मान खाली घालतो. त्या मुलांचे देणे समाजावर फार मोठे आहे, आणि ते आपण फेडीत नाही हेही खरे. परंतु एका निरपराध मुलाचे दुःख दुसऱ्या निरपराध मुलास दुःख दिल्याने हलके होत नसते. चोर सोडून संन्याशाला सुळी देऊ नये अशी आपली म्हण आहे. येथे तर चोरासही पकडले आहे आणि संन्याशासही सुळी चालू आहे. दुसरा आक्षेप असा, की काही बाप असे असतात की त्यांच्यापासून मूल दूर राहिलेलेच बरे. ज्याने घरातच मारझोड केली किंवा त्याहून भयंकर कृत्य केले, त्याच्यापुढे मुलास नेऊन उभे करणे हे क्रौर्यच होय. पण म्हणूनच हक्क मुलाचा मानावा असे आम्ही म्हणतो. हक्क ज्याचा, त्यास 'मला यावयाचे नाही' असे म्हणण्याचाही अधिकार असतो.

या प्रांतास तुरुंग काही नवा नाही. 1930 च्या जुलैमध्ये, येथून फार दूर नसलेल्या पुसदला, लोकनायक बापूजी अण्यांनी जंगल सत्याग्रह केला, त्या वर्षी वऱ्हाडातील कित्येक घरांतून बाप, काका, भाऊ उठून तुरुंगात गेले. त्या घरांतील मुलांस गावाने काय वागणूक दिली? त्यांचा गौरव केला. लोकमान्य 1908 पासून 1914 पर्यंत मंडालेस होते. मागे घरी मुले शिकत होती, 1912 साली पत्नीही निवर्तली, आणि सारा संसार पत्रांवर चालला. पंडित नेहरूंनी 1930 च्या ऑक्टोबरात नैनीच्या तुरुंगातून तेरा वर्षांच्या इंदिरेस पत्रे लिहिण्यास आरंभ केला, आणि त्यातून जगाच्या इतिहासाचा ग्रंथ उभा राहिला. साने गुरुजींनी 'श्यामची आई' 1933 साली लिहिली तीही नाशिकच्या तुरुंगातच. म्हणजे कारागृहाच्या भिंतीतून आईबापांची माया बाहेर येऊ शकते आणि मुलास घडवू शकते, हे आपल्याच राष्ट्राने जगास दाखविले आहे. मग आज तेच पत्र एखाद्या अडाणी शेतमजुराचे असले, त्यात इतिहास नसून फक्त 'नीट जेव, आजीस त्रास देऊ नको' एवढेच असले, तर ते का तुच्छ ठरावे? सत्याग्रह्याच्या मुलास बाप हवा होता तो देशभक्त म्हणून नव्हे, बाप म्हणून.

आणि आत असलेले सर्वच अपराधी आहेत असे तरी कोठे ठरले आहे? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 2022 च्या अखेरीस देशातील तुरुंगांत 5,73,220 बंदी होते. त्यांपैकी 4,34,302 न्यायाधीन, म्हणजे ज्यांचा अपराध अद्याप सिद्ध झालेला नाही असे. चारांतील तीन! त्याच अहवालात आईबरोबर तुरुंगातच राहणाऱ्या मुलांचीही गणती आहे: 1,537 स्त्रिया आणि त्यांची 1,764 मुले. परंतु बाहेर राहिलेल्या मुलांचा रकानाच त्या अहवालात नाही. गुरे मोजणाऱ्या, विहिरी मोजणाऱ्या या देशात ज्यांचे आईबाप सरकारने नेले त्या मुलांची मोजदाद कोणी केलेली नाही. जे मोजले जात नाही त्याच्यासाठी अंदाजपत्रकात पैसा पडत नाही, हे व्यापारी वाचकांस आम्ही सांगावयास नको.

न्यायाधीन बंद्याच्या मुलास पूर्वी आणखी एक वाट होती, तिचा उल्लेख कोणत्याही नियमात सापडणार नाही. ती म्हणजे कोर्टाची तारीख. गाडीतून बंदी उतरत, न्यायालयाच्या ओसरीत पुकाऱ्याची वाट पाहत बसत, आणि पहाऱ्यावरचा शिपाई भला असला तर मूल बापाच्या मांडीवर जाऊन बसे. घरची भाकरी दोघे एका फडक्यातून खात. हे नियमबाह्य होते हे आम्हांस मान्य आहे, आणि एक कायदेपंडित म्हणून ते डोळ्यांआड केल्याचा दोषही आम्ही पत्करितो. आता पुष्कळ तारखा दृक्श्राव्य यंत्रावरून होतात. बंदोबस्ताचा खर्च वाचला, तारखा बुडण्याचे कमी झाले, हे सर्व चांगले. पण ती ओसरीवरची भाकरी गेली, आणि तिच्या बदल्यात मुलास काही द्यावे हे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. महाराष्ट्राच्या कारागृह विभागाने गेल्या दहा वर्षांत मध्यवर्ती कारागृहांतून 'गळाभेट' नावाचा कार्यक्रम घडवून आणिला आहे. सोळा वर्षांखालील मुलांस त्या दिवशी आत घेतात. मध्ये काच नाही, जाळी नाही. बाप मुलास जवळ घेतो. नाव मराठी आहे, कल्पना थोर आहे, आणि ती राबविणाऱ्या अधिकाऱ्यांस आम्ही मनापासून धन्यवाद देतो. आमचे गाऱ्हाणे इतकेच, की तो सणासारखा येतो आणि जातो. मुलाची भूक रोजची असते, दिवाळीपुरती नसते. करोनाच्या साथीत 2020 साली प्रत्यक्ष भेटी थांबल्या, तेव्हा व्हिडिओ कॉलची सोय झाली. 'ई-मुलाकात' या नावाने ती पद्धत आता रुळली आहे. 2023 साली येरवड्यास स्मार्ट कार्डावरील दूरध्वनी आला. प्रारंभी आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी सहा मिनिटे बोलता येईल अशी योजना होती. हीही मोठी सुधारणा. पण घड्याळ कोणाचे, हे पाहावे. संध्याकाळी कोठड्या बंद होतात, म्हणून दूरध्वनी दिवसाच व्हावयाचा. दिवसा मूल शाळेत, आणि घरातला एकुलता एक मोबाइल आईबरोबर शेतात! बापाचा आवाज सोयाबीनच्या तासात ऐकू येतो, आणि मुलास रात्री निरोप तेवढा मिळतो.

कायद्यातही अशीच अर्धवट माया दिसते. सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली आर. डी. उपाध्याय यांच्या प्रकरणात असे ठरविले, की मूल सहा वर्षांचे होईपर्यंत बंदी आईजवळ राहू शकते. पुढे त्यास संस्थेत ठेविले, तर आठवड्यातून किमान एकदा आईची भेट घडविली पाहिजे. निर्णय दयाळू आणि शहाणा आहे. परंतु संस्थेतल्या मुलास जे मिळाले ते आजीच्या घरी वाढणाऱ्या मुलास मिळालेले नाही, कारण ते प्रकरण त्याचे नव्हते. आणि मुंबई उच्च न्यायालयाने 2024 च्या जुलैमध्ये एका सिद्धदोष बंद्यास अभिवचन रजा दिली ती कशासाठी? मुलगा शिक्षणास ऑस्ट्रेलियास निघाला होता, त्यास निरोप देण्यासाठी आणि पैशाची तजवीज करण्यासाठी. दुःखाच्या प्रसंगी रजा देता, तर सुखाच्या प्रसंगी का नको, असा न्यायमूर्तींचा रोख होता. दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने 2007 साली याहून एक पाऊल पुढे टाकले: ज्या आईवर लहान मुले अवलंबून आहेत तिला शिक्षा सांगण्यापूर्वीच मुलांचे काय होईल याचा विचार न्यायाधीशाने केला पाहिजे, असे त्याने म्हटले, आणि त्या प्रकरणातील आईचा उरलेला कारावास टाळून तिला देखरेखीखाली घरी राहू दिले. आमच्याकडे अटकेच्या वेळी नातलगास कळविण्याचे बंधन पोलिसांवर आहे. 'घरी मूल आहे काय, आज रात्री ते कोणाजवळ निजेल?' एवढा साधा प्रश्न मात्र कोणत्याही पंचनाम्यात आम्ही वाचलेला नाही.

हे सारे परदेशी खूळ आहे असे कोणास वाटत असेल, तर त्याने आटपाडीस जाऊन यावे. तेथे स्वतंत्रपूर नावाची खुली वसाहत आहे. औंधच्या पंतप्रतिनिधींनी, मॉरिस फ्रीडमन या परक्या पण भारतमय झालेल्या गृहस्थाच्या प्रेरणेने, एकोणीसशे तिसाच्या दशकाच्या अखेरीस ती स्थापिली. शिक्षा झालेले बंदी तेथे शेती करितात आणि बायकामुलांसह राहतात. व्ही. शांताराम यांचा 1957 चा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट ज्या प्रयोगावरून सुचला तो हाच. म्हणजे मुलास बापाची भेट कशी द्यावी या प्रश्नाचे सर्वांत धीट उत्तर एका मराठी संस्थानाने दिलेले आहे. सिनेमास आपण टाळ्या वाजविल्या. वसाहत मात्र मूठभर माणसांपुरतीच राहिली.

ज्यांस दया हा शब्द हिशेबात बसत नाही, त्यांच्यासाठी एक आकडा देतो. इंग्लंडात 2017 साली लॉर्ड फार्मर यांच्या अहवालात असे नमूद झाले, की ज्या बंद्यांस घरच्यांची भेट मिळत राहिली, ते सुटल्यावर पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याचे प्रमाण इतरांपेक्षा 39 टक्क्यांनी कमी होते. सुटलेला माणूस अखेर आपल्याच बाजारात, आपल्याच दुकानावरून फिरणार आहे. त्यास घराची ओढ उरलेली असणे ही कुलपापेक्षा स्वस्त राखण होय.

सरकारने करावयाचे ते सरकारकडे मागूच. बंद्यास शक्य तितके घराजवळ ठेवावे, असे संयुक्त राष्ट्रांनी 2015 साली स्वीकारलेल्या नेल्सन मंडेला नियमांत लिहिले आहे; तेव्हा वाशीमच्या माणसास नागपुरास धाडताना त्याच्या मुलाचे गाव कोणते हे कागदावर यावे. महिन्यातून एक भेट तरी शाळेच्या सुटीच्या दिवशी, मुलांसाठी राखून, काचेविना व्हावी. दूरध्वनीची एक पाळी सकाळी शाळेपूर्वी असावी. पहिलाच गुन्हा असलेल्या न्यायाधीन बंद्याने कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ आत काढला असल्यास, काही अपवाद वगळता, त्यास जामिनावर सोडण्याची तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या 479 व्या कलमात 2024 च्या जुलैपासून अमलात आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने यादी काढताना ज्यांची मुले लहान आहेत त्यांची नावे आधी घ्यावीत. यांपैकी एकाही गोष्टीस नवी भिंत बांधावी लागत नाही.

पण जऊळक्यात जे अडते ते सरकारामुळेच अडते असे नाही. ई-मुलाकातीची नोंद संगणकावर करावी लागते, आणि संगणक असतो तो बाजारातल्या सेवा केंद्रात. म्हातारी तेथे जाते तेव्हा रांगेत गावातली चार माणसे असतात; 'कोणास भेटावयाचे? कोणत्या गुन्ह्यात आहे?' असे मोठ्याने विचारले, की ती दुसऱ्यांदा येत नाही. केंद्र चालविणाऱ्याने हा प्रश्न हळू विचारावा, किंवा विचारूच नये. यंत्रास गावभर ऐकू जाण्याची गरज नसते. गुरुजींनी भेटीच्या दिवसाची गैरहजेरी मांडताना वर्गात कारण विचारू नये. ज्यांच्या दुकानावर त्या मुलाची आई कामास आहे त्यांनी महिन्याचा तो एक दिवस तिच्या रोजातून कापू नये. ज्यांस पोस्टाची पाकिटे परवडतात त्यांनी चार पाकिटे त्या घरी द्यावीत. पत्र लिहिण्यास काच आड येत नाही, वेळ संपल्याची घंटाही होत नाही, आणि लोकमान्यांच्या काळापासून त्याची वाट मळलेली आहे. अमरावतीस 'वऱ्हाड' ही संस्था आणि मुंबईस टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प बंद्यांच्या कुटुंबांत काम करीत आले आहेत. आमच्या वाचकांपैकी कोणास विचारपूस करावयाची असेल तर आरंभ तेथून करता येईल.

गुणपत्रकाचे पुढे काय झाले, हे वाचक विचारतील. आम्ही ते मुलाकडून घेतले आणि पुढच्या तारखेस न्यायालयात बापाच्या हाती दिले. त्याने ते बराच वेळ पाहिले, मग गणिताच्या आकड्यावर बोट ठेवून, 'हे किती साहेब?' असे विचारिले. त्यास वाचता येत नव्हते.